रिकाम्या पेटीपुढचा दिवा

मंगळवार, १४ मार्च. सकाळी नळाला पाणी उशिरा आलं. लेकीचा फोन; नातवाचा ताप उतरला. फादर पाच दिवस बाहेरगावी, शनिवारी संध्याकाळी परत. कुलूपवाल्याने पवित्र पेटीचं कुलूप काढून नेलं. आतली स्प्रिंग तुटली आहे. पेटीतली पवित्र भाकर फादरांनी जाण्याआधी सिस्टरांच्या कॉन्व्हेंटच्या प्रार्थनागृहात नेऊन ठेवली. पावणेचारला दिवा विझवला. पेटीचं दार उघडं ठेवलं. चार वाजता वन्सं आल्या. वेदीवरचे दोन रुमाल उसवले आहेत.

या नोंदीत एकही शब्द खोटा नव्हता. फक्त चार वाजून दोन मिनिटांनी काय झालं, तेवढं तिने लिहिलं नाही. त्रेपन्न वर्षांच्या डायऱ्यांत तिने मुद्दाम गाळलेली ही दुसरीच गोष्ट.

तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणत. सरकारी इस्पितळाच्या औषधखिडकीमागे तिने चौतीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या होत्या. अक्षर सिस्टरांच्या शाळेत घोटलेलं, उभं आणि स्वच्छ. बाटलीत जे नाही ते चिठ्ठीवर यायचं नाही, हा तिचा खाक्या. एकदा गर्दीच्या वेळी एक औषध संपलं, तेव्हा मोठे डॉक्टर दुसऱ्याच बाटलीकडे बोट करून वैतागून म्हणाले, "द्या हो लिहून, रंग तर तोच आहे." ती म्हणाली, "रंग चहाचाही तोच आहे, साहेब. तो भरून देऊ का?" डॉक्टर आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, पण पुढे स्वतःच्या आईचं औषध तिच्याच हातून नेत.

निवृत्त झाल्यावर तिने चर्चचं काम अंगावर घेतलं. वेदीवरची वस्त्रं धुणं, इस्त्री करणं, मेणबत्त्यांचे ठिपके खरवडणं, आणि पवित्र पेटीजवळच्या दिव्यात तेल घालणं. ही पेटी म्हणजे वेदीमागच्या भिंतीतलं हातभर उंचीचं पितळी कपाट. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, अर्पण झालेली भाकर त्यात ठेवतात, आणि ती आत असेपर्यंत बाजूला लाल काचेतला दिवा रात्रंदिवस जळतो. दिवा जळतोय, म्हणजे प्रभू आत आहे. पेटी रिकामी केली की दिवा विझवायचा आणि दार सताड उघडं ठेवायचं, म्हणजे कुणी चुकून रिकाम्या कपाटापुढे गुडघे टेकायला नको. लहान मुलालाही कळेल असा नियम, आणि चिठ्ठीबाईला तर तो फारच आवडायचा.

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आता ती आणि नणंद. नणंदेने लग्न केलं नाही. शिवणवर्गात चाळीस वर्षं मुलींना काजं करायला शिकवता शिकवता डोळे घालवले. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून उजेडाचा एखादा ठिपका दिसायचा, तेवढाच. कानही चालले होते. जीभ मात्र अजून तिशीतली होती.

आता ती पहिली गाळलेली गोष्ट. नवरा गेला त्या दुपारी चिठ्ठीबाई चर्चमध्ये वेदीवर चादर अंथरत होती. आजारी माणसापाशी नणंद बसली होती. "जा ग, दोन तास मी आहे," तीच म्हणाली होती. चार वीसला, पाठ दाराकडे असताना, चिठ्ठीबाईला मागून हाक ऐकू आली. नवरा एकटाच ज्या नावाने तिला बोलवायचा, त्या नावाने. मोठ्याने नाही, आतल्या खोलीतून चष्मा कुठे आहे विचारावं, तशी. तिने वळून पाहिलं. रिकामे बाक. तिने चादरीवरची सुरकुती तळहाताने मोडली आणि काम संपवलं. पाचला घरी आली तर तो गेला होता. नणंद दारातच म्हणाली, "शांतपणे गेला ग. प्रार्थना म्हणत गेला." चिठ्ठीबाईने तेच शब्द रात्री डायरीत उतरवले. हाक लिहिली नाही. नोंद घटनेची असते, भासाची नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

पण तेव्हापासून चारच्या पुढे तिला दाराकडे पाठ करता येईना. मानेवर गार फुंकर बसल्यासारखं व्हायचं. म्हणून ती चादर उलट्या बाजूने अंथरायला लागली, वेदीच्या मागे उभी राहून, तोंड दाराकडे. फादर थट्टेने म्हणाले, "बाई, तुम्ही उभ्या राहिलात की वाटतं आता मिस्सा तुम्हीच सांगणार." ती हसली होती.

मंगळवारी पावणेचारला तिने दिवा विझवला. चारला काठीची टकटक दारापाशी थांबली. नणंदेची रोजची पद्धत ठरलेली होती. उंबरा ओलांडून उभं राहायचं, समोरच्या अंधारात लाल ठिपका शोधायचा, तो सापडला की क्रूसाची खूण करायची आणि त्याच्या रोखाने सरळ चालत जायचं.

त्या दिवशी ठिपका नव्हता. नणंदेने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग तिच्या गळ्यातून लहान मुलीसारखा आवाज आला. "वहिनी! वहिनी, गेलं ग. तेवढंही गेलं!" ती काठीने समोरची फरशी चाचपायला लागली.

एक वाक्य पुरलं असतं. वन्सं, डोळे ठीक आहेत, दिवा मीच विझवलाय. पण काडेपेटी हातात होती, आणि तोंडाआधी हात चालला.

"दिसला!" नणंद रडता रडता हसली. "दिसला ग बाई! काय झालं होतं, वात बुडाली होती का?"

"हो," चिठ्ठीबाई म्हणाली.

दिवा घाबरलेल्या माणसासाठी लावला, हे एखाद्याने समजून घेतलं असतं. तो 'हो' मात्र तिला स्वतःलाच समजून घेता येईना. आणि मग 'हो'च्या मागोमाग बाकीचं आलंच. दिवा जळतोय म्हटल्यावर पेटीचं दार उघडं कसं ठेवायचं? कुलूप नव्हतं, म्हणून तिने कागदाची घडी करून फटीत खोचली आणि दार बंद केलं. संध्याकाळी शाळेतले मास्तर आले, दिव्याकडे पाहून गुडघा टेकला, मान खाली घालून कितीतरी वेळ थांबले. चिठ्ठीबाई खांबाआडून बघत होती. औषधखिडकीतून कुणी साधं पाणी औषध समजून घेऊन चाललंय, आणि आपल्याला हाक मारायला आवाज फुटत नाहीये, तसं तिला झालं.

जेवताना नणंद खुशीत होती. "मला वाटलं, आता मी देवाला शोधायचं कसं? वासाने?"

"काहीतरीच बोलता, वन्सं."

"अगं, तो कशाला रागावतोय. त्यानेच दिलेत हे डोळे, त्याला माल माहीत आहे."

आता सांगायचं, असं ठरवून चिठ्ठीबाईने पेला खाली ठेवला, आणि "अजून वाढू?" एवढंच विचारलं.

बुधवारी भलतंच घडलं. नणंदेला ऐकू कमी येत असल्यामुळे ती आपल्या मते पुटपुटायची, आणि ते पुटपुटणं रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्यालाही कळलं असतं. म्हणून गेली चार वर्षं चिठ्ठीबाई चार वाजता कपड्यांच्या खोलीत जाई, दार लावून घेई, आणि नळ सोडे. दुसऱ्याचं देवाशी चाललेलं बोलणं ऐकायचं नाही. पण बुधवारी तिला कागदाच्या घडीचा भरवसा वाटेना. ती वेदीच्या मागेच उभी राहिली.

नणंद पुढच्या बाकावर बसली, गुडघ्यांवर हात ठेवले, आणि लाल ठिपक्याकडे तोंड करून बोलायला लागली.

"पुन्हा तेच घेऊन आलेय रे. तू कंटाळला असशील, मीही कंटाळलेय. फादरांना सांगून झालं, त्यांनी माफी दिली. त्यांचं काय जातंय? मी तिच्या हातचं खाते. दोन्ही वेळा. ती विचारते, वन्सं, अजून वाढू? आणि मला तो दिसतो, दाराकडे बोट करून. कसली प्रार्थना आणि कसलं काय. तिला हाका मारत होता तो. आणि मी बोलवायला गेले नाही. दोन गल्ल्या होत्या. दोनच गल्ल्या."

तेवढ्यात कागदाची घडी सरकली. बिजागऱ्यांना कुलूपवाल्याने कालच तेल घातलं होतं, त्यामुळे आवाज झाला नाही. पेटीचं दार आपोआप, सावकाश, पुरतं उघडलं. आत काळोख होता. नणंदेला ते दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही. ती त्या काळोखाला सांगत राहिली, अगदी विश्वासाने, नाव घेऊन. तिथे ऐकणारं माणूस एकच होतं, आणि ज्याला हे कधी कळू नये म्हणून ती रोज येत होती, तेच ते माणूस होतं. चिठ्ठीबाईने चादरीची कड मुठीत धरली. तिचं तोंड दाराकडे होतं, तरी मानेवर ती गार फुंकर आलीच. आता ती पेटीकडून येत होती.

घरी येऊन तिने चार वर्षांपूर्वीची डायरी काढली. 'प्रार्थना म्हणत शांतपणे गेले.' शाई जराही फिकटली नव्हती. आयुष्यात एकच चिठ्ठी चुकीची चिकटवली, आणि ती नेमकी आपल्याच माणसावर.

गुरुवारी कुलूपवाला माप घ्यायला आला. तो काही या चर्चचा नव्हता, पण माणूस चौकस. "बाई, ही पेटी तुम्ही रिकामी म्हणाला होतात ना?"

"हो."

"मग दिवा?"

ती दिव्याची काच पुसायला लागली.

"नाही, मला काय करायचंय म्हणा. पण मी दुकान बंद करून बाहेरचा दिवा चालू ठेवला ना, तर दोन मैल चालत आलेलं गिऱ्हाईक माझ्या सात पिढ्या उद्धरतं."

तो गेल्यावर ती बाकावर बसली. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं: दिवा, तो 'हो', आणि आपण तिथे उभं राहून ऐकलं तेही. नणंदेला तोंड उघडायला या जगात एकच जागा उरली होती, ती आपण मोडणार. तिने घर सोडायचं म्हटलं तर? तिची एक भाची तिला कधीची बोलावत होती. आणि नाही सांगितलं, तर दोघींनी मरेपर्यंत एका टेबलावर जेवायचं, एकीने लपवलेलं आणि दुसरीने चोरलेलं तेच एक दुपारचं दुःख मध्ये ठेवून. शिवाय दिवा आणखी दोन दिवस जळणार. आणखी कुणीतरी गुडघे टेकणार.

शुक्रवारी दुपारी नणंद खिडकीपाशी बसून चाचपत लसूण सोलत होती. चिठ्ठीबाई समोर येऊन बसली आणि तिच्या चांगल्या कानाशी वाकली.

"वन्सं, चर्चमधली पेटी रिकामी आहे. मंगळवारपासून."

"कुणी चोरली?"

"चोरली नाही. कुलूप बिघडलं म्हणून फादरांनी प्रभूला कॉन्व्हेंटमध्ये नेलं. तुम्ही आलात तेव्हा दिवा मी विझवलेला होता. डोळे गेले म्हणून तुम्ही घाबरलात, म्हणून लावला. वात बुडाली नव्हती."

लसूण सोलणारी बोटं थांबली. "आणि काल? परवा?"

"तसाच."

"म्हणजे मी कपाटाशी बोलले."

"देव काय कपाटातच असतो का, वन्सं? तो सगळीकडे—"

"मला शिकवू नकोस!" नणंदेने टरफलं टेबलावर फेकली. "सगळीकडे आहे हे मलाही शिकवलंय. सगळीकडे आहे, मग मी रोज काठी ठोकत तिथे का जाते? घाबरले तर घाबरू द्यायचं होतंस. डोळे माझे, भीती माझी. तुला कुणी सांगितलं तिच्यावर पांघरूण घालायला?" मग आवाज एकदम खाली आला. "तू कुठे होतीस तेव्हा? नळाचा आवाज नव्हता बुधवारी. नळ वाजला की मला बाकात जाणवतो."

"तिथेच होते."

"किती ऐकलंस?"

"सगळं."

खाली कुणाची तरी गाडी सुरू होता होता बंद पडत होती.

"म्हणजे तो नव्हता, आणि तू होतीस," नणंद म्हणाली. "चांगली सोय केलीस."

"रागवा. मी रागवण्यासारखंच केलंय. पण वन्सं, ते काय म्हणाले होते?"

"सजवून सांगू की जसं झालं तसं?"

"जसं झालं तसं."

नणंदेने पदराला हात पुसले, दोनदा. "दार उघड, म्हणाला. ती बाहेर उभी आहे. मी म्हटलं, अरे ती चर्चमध्ये आहे, वेदीचं काम करतेय, येईल. तो म्हणाला, नाही, दारात आहे, तिला आत घे. सारखं तेच. तुला त्या नावाने हाका मारत होता, ते तुमचं नाव. मला वाटलं, देवाच्या वेदीवरून माणसाला कसं उठवून आणायचं? तसं नसतं करायचं. हे एक. आणि खरं सांगू? मी दारही उघडलं नाही. भीती वाटली. उघडलं आणि तू खरंच उभी असतीस तर?" तिने ओठ आवळले. "शेवटी त्याच्या तोंडात देवाचं नाव नव्हतं, वहिनी. तुझंच होतं. मला ते बरं दिसेना, म्हणून मी बदललं."

"किती वाजले होते?"

"सव्वाचारच्या पुढे."

"चार वीस," चिठ्ठीबाई म्हणाली. "मी ऐकली होती हाक. वळूनही पाहिलं होतं. आणि परत चादर अंथरली."

नणंदेने तोंड तिच्याकडे वळवलं. "मला कधी बोलली नाहीस."

"लिहिलंही नाही."

"तू? लिहिलं नाहीस?" नणंदेला त्याचंच जास्त नवल वाटलं. मग तिने काठी चाचपली. "ऊठ. कॉन्व्हेंटला जायचं. मला ते सगळं परत सांगायचंय, आणि या वेळी तो घरी असताना."

"रिक्षा बोलावते."

"चालत. कपाटापर्यंत चालत जात होते, त्याच्यापर्यंत रिक्षाने?"

वाटेत चर्च लागलं. चिठ्ठीबाईने नणंदेला पुढच्या बाकावर बसवलं आणि दिव्यावर झाकणी ठेवली.

"विझला?"

"विझला."

"मला आता काही म्हणजे काही दिसत नाही," नणंद म्हणाली. "आता ठीक आहे."

पेटीचं दार उघडून चिठ्ठीबाईने उभ्या स्वच्छ अक्षरात एक चिठ्ठी लिहून तिथे लावली: 'पेटी रिकामी आहे. मंगळवारपासून दिवा चुकीने जळत होता. चूक माझी.' खाली सही केली. मास्तर वाचतील, फादर वाचतील, वाचू देत.

कॉन्व्हेंटची वाट दीड मैलाची, त्यात एक चढ. दोघी चार ठिकाणी थांबल्या. प्रार्थनागृह म्हणजे एक लांबट खोली, दहा खुर्च्या, पांढरी भिंत. दार उघडायला आलेल्या वयस्क सिस्टरने काही विचारलं नाही. नणंद उंबऱ्याशी उभी राहिली आणि मान फिरवत ठिपका शोधू लागली. तो सापडला, पण तिने क्रूसाची खूण केली नाही.

"आत आहे ना ग? नक्की?"

"आहे. फादरांनी स्वतः ठेवलंय."

"बघून सांग."

"कुलूप आहे, वन्सं. मलाही बघता येत नाही."

"म्हणजे इथे तूही माझ्यासारखीच." नणंद हसली आणि खूण केली. खुर्चीवर न बसता ती खाली फरशीवर गुडघ्यांवर आली. चिठ्ठीबाईला तिला दोन्ही काखांत धरावं लागलं. सवयीने ती बाहेर जायला वळली.

"जातेस कुठे? नळ नाहीये इथे. बस."

मग नणंदेने सांगितलं. या वेळी थोडक्यात, आणि देवाकडे तोंड असलं तरी हात वहिनीच्या मनगटावर. खोटं सांगितलं. बोलवायला गेले नाही. दार उघडलं नाही. मागच्यासारख्या तक्रारी-विनवण्या काही नव्हत्या. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आता तू."

चिठ्ठीबाई आयुष्यभर पुस्तकातल्या प्रार्थना म्हणत आली होती. सिस्टरांनी शिकवलेल्या, एक मात्रा इकडची तिकडे नाही. तिला सुरुवातच सापडेना. ती गुडघ्यांवर होती, पाठ दाराकडे, आणि खोलीतल्या घड्याळात चारला पाच कमी होते.

"मला राग आलाय," ती शेवटी म्हणाली. स्वतःच्या आवाजाची तिला लाज वाटली, तरी तिने मान वर केली नाही. "वन्संचा. माझा. आणि तुझाही. मी तुझंच काम करत होते. तू मला जा म्हणायला हवं होतंस." थोडं थांबून म्हणाली, "हाक ऐकूनही मी गेले नाही. तुझी चादर सरळ केली."

खोलीत काही झालं नाही. दिवा होता तसाच जळत होता. मानेवरची गार फुंकर आली, आणि या वेळी तिने ती येऊ दिली. वळून पाहिलं नाही.

सिस्टर दार लावायला आली तेव्हा दाराचा आवाज ऐकू न येणाऱ्या नणंदेने मान वळवली. "सिस्टर, दार असू द्या उघडं," ती म्हणाली. "कुणी उभं असेल तर येईल आत."

सिस्टरने दार उघडं ठेवलं. दोघी आणखी बराच वेळ तिथे होत्या.

त्या संध्याकाळी चिठ्ठीबाईने मंगळवारच्या नोंदीखाली दिव्याचं लिहिलं. मग चार वर्षांपूर्वीची डायरी उघडून ते जुनं वाक्य न खोडता त्याच्या बाजूला खरं लिहिलं, हाकसुद्धा, वेळेसह. लिहायला पाऊण तास लागला. त्यानंतर शुक्रवारची नोंद केली, आणि तिची शेवटची ओळ अशी होती:

चालून वन्संचे पाय सुजले. गरम पाण्यात मीठ घालून शेकले. मीठ संपलं.